आज्जीच्या हातावरचं गोंदण कागदावर कसं उतरवून घ्यायचं

बेळगाव सीमाभागात, खानापूरपासून निपाणी-अथणीपर्यंत, सत्तरी ओलांडलेल्या अनेक बायकांच्या हातांवर गोंदण आहे. सुनांच्या हातावर ते कमी दिसतं, नातींच्या हातावर जवळपास नाहीच. कानडी घरांत यालाच हच्चे म्हणतात. ते जपून ठेवायचं तर मोबाइलचा एक फोटो पुरत नाही. फोटोत नक्षी येते. ती कुणी टोचली, आधी काय टोचलं, आज्जी तिला काय म्हणते, हे येत नाही. अर्थ तर तिथंच असतो.

आधी ते झालं कसं हे समजून घ्या, म्हणजे डोळ्यांना काय दिसतंय ते कळेल. आपल्याकडं हे काम गावोगाव फिरणाऱ्या कोरवी आणि किल्लेक्यात समाजाच्या बायका करायच्या. दिव्याची काजळी झाडपाल्याच्या रसात कालवायची, तीन-चार सुया दोऱ्यानं घट्ट बांधायच्या आणि टोचत जायचं. माक्याचा रस यासाठी वापरल्याच्या जुन्या नोंदी आहेत. वरून हळद आणि तेल. काजळी काळीच असते. पण कातडीच्या थरातून बघताना ती निळसर-हिरवी दिसते. रंग 1 ते 2 मिलिमीटर खोल बसला तरच टिकतो. त्याहून वर राहिला तर कातडीबरोबर झडतो, फार खोल गेला तर पसरतो. शिवाय शरीरातल्या पेशी रंगाचे कण धरून ठेवतात आणि वर्षानुवर्षं थोडेथोडे हलवत राहतात. म्हणून पन्नास-साठ वर्षांनी ठिपके एकमेकांत मिसळून जाड रेघ दिसते. आज दिसणारी रेघ मूळ रेघेपेक्षा रुंद आहे, हे उतरवताना सतत ध्यानात ठेवा.

सामान थोडंच लागतं: पारदर्शक ए-फोर प्लास्टिकच्या दोन-तीन शीट, 0.5 मिलिमीटर टोकाचा परमनंट मार्कर, 15 सेंटिमीटरची पट्टी, ग्राफ पेपर, खोबरेल तेल, मऊ सुती फडकं. ट्रेसिंग पेपर नको, घामानं तो सुरकुततो.

बसल्याबरोबर मोबाइल काढू नका. "आज्जी, हे कुठं गोंदून घेतलंसा?" इथून सुरुवात करा. माहेरी का जत्रेत, लग्नाआधी का नंतर, पैसे दिले का जोंधळे, सगळं तीच सांगेल. सौंदत्तीची यल्लम्मा नाहीतर चिंचलीची मायाक्का, अशा जत्रेचं नाव निघालं तर कोणत्या महिन्यातली जत्रा तेही विचारा. हा फोटो कुठल्याही पेन्शनीसाठी नाही, योजनेसाठी नाही, हे आपणहून स्पष्ट सांगा. रेशनकार्ड, आधारकार्ड फोटोच्या चौकटीत येऊ देऊ नका.

फोटो सकाळी नाहीतर चारनंतर, सावलीत, प्रकाश एका बाजूनं येईल असा घ्या. फ्लॅश बंद. कातडी कोरडी असेल तर पांढरट खपल्यांनी रेघा झाकल्या जातात; खोबरेलाचे दोन थेंब चोळून लगेच फडक्यानं टिपून घ्या, नाहीतर चकाकी येते. पट्टी नक्षीशेजारी ठेवा. मोबाइल साधारण 30 सेंटिमीटरवर, हाताला समांतर धरा. हात गोल असतो, म्हणून समोरून, आतून आणि बाहेरून असे तीन फोटो हवेतच. मागचाच कॅमेरा वापरा. पुढच्या कॅमेऱ्यानं कधीकधी उजवं-डावं उलटतं आणि मग कोणता हात होता हे कळत नाही. नक्षी फारच फिकी असेल तर फोटो एडिटिंग अ‍ॅपमध्ये काळा-पांढरा करा आणि त्यातला लाल रंगाचा स्लायडर वाढवा. कातडी उजळते, निळसर रेघ गडद राहते.

मग प्लास्टिक. हात उशीवर सैल ठेवायला सांगा. कातडी ताणू नका. रेघ नीट दिसावी म्हणून ओढली की चौकोन वाकडा होतो, आणि तुळशी वृंदावनाचा पाया तिरका येतो. शीट हातावर हलकी गुंडाळून दोन्ही टोकांना कुणाला तरी धरायला लावा. आधी मनगटाची रेघ, कोपराचा सांधा आणि अंगठ्याची बाजू मार्करनं खुणेला घ्या. वरची बाजू बाणानं दाखवा. शीट सरकली तर या खुणांवरून ती परत जागेवर बसवता येते. रेघ उतरवताना पसरलेल्या रंगाच्या मधोमध चला, कडेनं नाही. ठिपके एकेक मोजा आणि आकडा बाजूला लिहा. पाचाचे सहा झाले की नक्षीच बदलते. घरी आल्यावर शीट ग्राफ पेपरवर ठेवून पेन्सिलीनं उतरवा आणि फोटोतल्या पट्टीशी माप ताडून बघा.

कपाळावरची चंद्रकोर किंवा हनुवटीवरचा ठिपका यांवर प्लास्टिक ठेवू नका. चेहऱ्याची साधी बाह्यरेषा काढून त्यात जागा दाखवली तरी काम होतं. चेहऱ्याचा फोटो आज्जीनं हो म्हटलं तरच.

नावांवर सगळ्यात जास्त वेळ द्या. एकेका नक्षीवर बोट ठेवून "याला काय म्हणता?" एवढंच विचारा. विंचू, पाळणा, कमळ, रामसीता, तिच्या तोंडून जे येईल ते तसंच लिहा, कानडी शब्द आला तर कानडी. "हा विंचू कशासाठी, रक्षणासाठी का?" असं सुचवलंत की ती मान डोलावते आणि तुमचाच अर्थ तुमच्या वहीत परत येतो. "हौस म्हणून" हेही खरं उत्तर आहे. ते खोडू नका. "मेल्यावर सोनं हितंच राहतं, गोंदण तेवढं संगं येतं" असं म्हणणाऱ्या बायका भेटतात. ते शब्दशः टिपा. हातावर नवऱ्याचं नाव असेल तर ते वाचून दाखवायला सांगू नका. जन्मात नाव घेतलं नाही अशी आज्जी ते फक्त बोटानं दाखवते, फार तर उखाण्यात घेते. उखाणाही लिहून घ्या.

कोणतं गोंदण आधी, कोणतं नंतर, हे जरूर विचारा. मध्य प्रदेशातल्या बैगा आदिवासींत बादी समाजाच्या बायका गोंदतात. मुलीच्या कपाळावर लहानपणीच व्हीसारखी खूण होते आणि बाकीचं अंग वयाप्रमाणं पुढं भरत जातं. तिथं क्रम हाच मजकूर असतो. आपल्याकडं मराठा, धनगर, कुरुबर, लमाणी अशा अनेक समाजांत गोंदण आहे. ते सगळं "आदिवासी नक्षी" म्हणून एका फोल्डरमध्ये टाकणं अन्यायाचं आहे. प्रत्येक नोंदीवर गाव, तालुका, माहेरचं गाव, समाज, हात आणि तारीख हवी. नाव तिची संमती असेल तरच. ग्राफवरची एक प्रत तिला नेऊन द्या आणि नावं वाचून दाखवा. बहुतेकदा एखादी दुरुस्ती तेव्हाच निघते.

ती प्रत बघून नातीला तेच गोंदण हवंसं वाटू शकतं. घरी सुई-काजळीनं करू नका. जत्रेतल्या मशीनवर एकच सुई आणि एकच रंगाची वाटी सगळ्यांना चालते, त्यातून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पसरू शकतो. सीलबंद सुई समोर फोडली नाही, रंग वेगळ्या टोपणात घेतला नाही, तर उठून या. गोंदल्यावर 12 महिने रक्तदान करता येत नाही, हेही तिला आधीच सांगा.