आरोग्यविषयक विद्यार्थी परिषदेला जाताना
नोंदणी आणि निवासाची चौकशी वेळेत करावी, एवढे सांगणे पुरे. खरी तयारी गावात होते. परिषद लातूरला असो वा छत्रपती संभाजीनगरला, निघण्यापूर्वी आशाताईंसोबत एक सकाळ फिरावे. त्यांच्या वहीत एखाद्या गरोदर महिलेच्या नावापुढे ‘ऊसतोडीला गेली’ असा शेरा दिसला, की तिची पुढील तपासणी कोण करणार, हा सभागृहात विचारण्याजोगा प्रश्न आपसूक हाती लागतो. प्रश्न मांडताना मात्र तिचे नाव-गाव सांगू नये. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाविषयी, विशेषतः गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवण्याच्या त्यांच्या पद्धतीविषयी, आधी वाचून जावे. उद्घाटनाची भाषणे चुकली तरी चालतील, परंतु भित्तिपत्रकांपाशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांशी निवांत बोलावे.