४ टीबीची डिस्क, दिसते २ टीबीच?
सांगलीतल्या दुकानातून ४ टीबीची डिस्क आणून जुन्या पीसीला लावली आणि २ टीबीच वापरता आली, तर ती परत करायला धावू नका. एमबीआर या डिस्क विभागणीच्या जुन्या पद्धतीची मर्यादाच तेवढी. डिस्क रिकामी असतानाच विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जीपीटी ही नवी पद्धत निवडा. नंतर तिथून बदलायचं तर आधी डिस्कवरचे सगळे पार्टिशन (भाग) उडवावे लागतात. ३२-बिट विंडोज एक्सपी मात्र जीपीटी वाचतच नाही. आणि पीसी सुरू करणारा प्रोग्राम नव्या पद्धतीचा (यूईएफआय) नसून जुना बायोस असेल, तर विंडोज जीपीटी डिस्कवरून सुरू होत नाही, म्हणून विंडोज वेगळ्या २४० जीबीच्या एसएसडीवर एमबीआरमध्ये ठेवा, मोठी डिस्क फक्त फोटो-व्हिडिओंसाठी. जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर जसंच्या तसं उतरवायला (क्लोनिंगला) तासन्‌तास लागतात, तेव्हा वीज जाण्याचा वार टाळा. घरगुती यूपीएस तेवढा टिकत नाही. मध्येच वीज गेलीच, तर नव्या डिस्कवर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जुनी डिस्क महिनाभर पुसू नका.