दंतचिकित्सालयातील प्रशिक्षणार्थींसाठी मार्गदर्शिका लिहिताना

मार्गदर्शिकेची सुरुवात दवाखान्याच्या परिचयाने न करता, वापरलेली सुई टोचल्यास काय करायचे, यानेच करावी. कारण घाबरलेल्या प्रशिक्षणार्थीला त्या क्षणी पाने चाळायला उसंत नसते. जखम दाबून रक्त न काढता ती साबण व वाहत्या पाण्याने लगेच धुवावी, वरिष्ठांना त्वरित कळवावे आणि एचआयव्ही-प्रतिबंधक औषधांची गरज ठरल्यास ती शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, हे ठळक अक्षरांत असावे. ‘उपकरणे नीट निर्जंतुक करा’ असे मोघम वाक्य माझ्या मते निरुपयोगीच. त्याऐवजी, उपकरणाच्या पाकिटावरील सूचक पट्टीचा (निर्जंतुकीकरणाच्या प्रक्रियेत रंग बदलणाऱ्या पट्टीचा) रंग बदलला नसेल तर ते उपकरण रुग्णाच्या तोंडात जाता कामा नये, असे स्पष्ट लिहावे. रजेचे नियम शेवटच्या पानावर चालतील.