शाळेच्या बसला अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, आणि भरपाईचा दावा कसा करावा

शाळेच्या बसला किंवा व्हॅनला अपघात झाला की पालकांचा पहिला राग चालकावर निघतो. तो स्वाभाविक आहे, परंतु मुलाच्या पायावर दोन शस्त्रक्रिया करायच्या असतील तर त्यांचा खर्च चालकाच्या पगारातून निघणार नाही, हे ओळखूनच मोटार वाहन कायदा, १९८८ ने चालकाच्या चुकीची आर्थिक जबाबदारी वाहनमालकावर आणि त्याच्यामार्फत विमा कंपनीवर टाकली आहे. त्यामुळे दावा करणाऱ्या पालकाला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. जबाबदार असलेल्या प्रत्येकाला कागदावर आणावे लागते, आणि तेही मुदतीच्या आत.

सुरुवात अर्थातच उपचारांपासून करावी. रुग्णालयात दाखल करताना हा वाहन अपघात असल्याचे स्पष्ट सांगावे आणि तशी एमएलसी (पोलिसांना कळवायचे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) नोंद झाल्याची खात्री करून घ्यावी, कारण दुखापत याच अपघातात झाली, हे सिद्ध करताना पुढे हीच नोंद कामी येते. केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमींना नियुक्त रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोकडरहित उपचार मिळू शकतात. दाखल करतानाच त्याबाबत विचारावे.

त्यानंतर पोलीस ठाण्यात प्रथम खबर (एफआयआर) नोंदवावी. बेदरकारपणे वाहन चालवण्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम २८१, दुखापतीसाठी कलम १२५ आणि निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास कलम १०६(१) लागू होते. फौजदारी खटला व भरपाईचा दावा हे दोन वेगळे मार्ग आहेत. खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, तर दाव्यात घटना तशी घडल्याची शक्यता अधिक आहे एवढे दाखवणे पुरते. म्हणून चालक पुढे निर्दोष सुटला तरी केवळ तेवढ्याने दावा बुडत नाही.

घटनास्थळ पंचनामा मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावा. शाळेच्या वाहनांचे काही अपघात भर रस्त्यात नव्हे, तर चढता-उतरताना होतात. मूल उतरून बसच्या पुढून रस्ता ओलांडू लागते, उंच काचेमागे बसलेल्या चालकाला ते दिसत नाही आणि तो गाडी पुढे घेतो. अशा वेळी मदतनीस खाली उतरला होता का, दार बंद होण्याआधीच गाडी हलली का, मूल रस्त्याच्या कोणत्या बाजूला उतरवले होते, हे तपशील निर्णायक ठरतात. पंचनाम्यात ते नसतील, तर सोबतच्या मुलांच्या पालकांशी बोलून त्याच आठवड्यात लेखी टिपून ठेवावेत. मुलांची आठवण स्पष्ट असते, पण मोठ्यांच्या चर्चेत ती लवकर मिसळून जाते.

आता सर्वांत दुर्लक्षित टप्प्याकडे वळू. अनेक पालकांच्या फोनमध्ये चालकाची नोंद ‘व्हॅनवाले काका’ एवढीच असते. पूर्ण नाव ठाऊक नसते, गाडीचा क्रमांकही नसतो. कायद्याच्या दृष्टीने मालक म्हणजे सर्वसाधारणपणे नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव आहे ती व्यक्ती. गाडी तोंडी व्यवहारात विकली गेली असली तरी नोंदणीकृत मालकाची सुटका होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून वाहन क्रमांकावरून एम-परिवहन ॲपवर नोंदणी, योग्यता प्रमाणपत्र आणि विमा यांची स्थिती पाहावी व तिची प्रत ठेवावी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने मुले नेत असेल, तर विमा कंपनी पॉलिसीच्या अटींचा भंग झाल्याची हरकत घेते. विनापरवाना प्रवासी वाहनांच्या प्रकरणांत न्यायालयांनी कंपनीला आधी भरपाई देण्यास आणि नंतर ती मालकाकडून वसूल करण्यास सांगितले आहे. तरीही वाद वाढतो आणि पैसे हाती येण्यास वेळ लागतो.

बस शाळेच्याच नावावर असेल तर शाळा मालक म्हणून उत्तरदायी ठरते. बस कंत्राटदाराची असली तरी शाळेकडे डोळेझाक करू नये. महाराष्ट्रात २०११ च्या शालेय बस नियमावलीनुसार मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असणे आवश्यक आहे. कंत्राटदाराशी झालेला करार आणि समितीच्या बैठकांची इतिवृत्ते लेखी अर्ज करून मागावीत. त्यांतून शाळेचा स्वतःचा निष्काळजीपणा दिसत असेल, तर तिलाही दाव्यात प्रतिवादी करावे. दोन वाहनांची टक्कर झाली असेल, तर कोणाची चूक किती टक्के याच्या हिशेबात पालकांनी अडकण्याचे कारण नाही. दोघांच्याही चुकीने इजा झाली असेल, तर जखमी व्यक्ती त्यांपैकी कोणा एकाकडूनही संपूर्ण भरपाई मागू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले आहे. मात्र दोन्ही वाहनांचे मालक व विमा कंपन्या यांना प्रतिवादी करणेच शहाणपणाचे.

यापुढचा टप्पा जपून पार पाडावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार कोणाचीही चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात. कलम १६६ खालील दाव्यात चूक दाखवावी लागते, पण प्रत्यक्ष नुकसानाएवढी भरपाई मागता येते. विमा कंपनीशी तडजोड करण्याच्या कलम १४९ च्या प्रक्रियेनुसार कलम १६४ ची रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपुष्टात येतो. रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये, बिलाच्या चिंतेत असताना समोर आलेल्या कागदावर सही करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुलाला कायमचे अपंगत्व येण्याची शक्यता असेल, तर अडीच लाख ही फार तुटपुंजी रक्कम आहे.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. ही मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. अपघाताच्या ठिकाणाप्रमाणेच अर्जदाराच्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही दावा करता येतो. अज्ञान (१८ वर्षांखालील) मुलाच्या वतीने आई किंवा वडील पालक म्हणून अर्ज करतात. पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. त्याची प्रत मागून घ्यावी, पण तो अहवाल दाव्याचे काम करील, या भरवशावर स्वतःचा अर्ज लांबवू नये. अर्जासोबत प्रथम खबर, पंचनामा, उपचारांची बिले, अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि शाळेचा दाखला जोडावा.

रक्कम मागताना मूल कमावत नव्हते म्हणून हात आखडता घेऊ नये. अपघातात कायमचे अपंगत्व आलेल्या बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये कुशल कामगाराचे किमान वेतन भावी उत्पन्न म्हणून धरले आणि तिची काळजी घेणाऱ्या दोन मदतनिसांचा खर्चही १८ च्या गुणकाने, म्हणजे वर्षाच्या खर्चाला १८ ने गुणून, मोजला. वेदना, बुडालेले शालेय वर्ष, आईवडिलांना सोडावे लागलेले काम, फिजिओथेरपी, पुढील शस्त्रक्रिया हे सारे स्वतंत्रपणे मांडावे आणि त्या त्या खर्चाचा कागद जोडावा.

निकाल अपुरा वाटल्यास ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. मुलाच्या वाट्याची रक्कम बहुधा ते सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत ठेवली जाते. मधल्या काळात उपचारासाठी पैसे लागल्यास, डॉक्टरांचे पत्र जोडून न्यायाधिकरणाकडेच परवानगी मागावी.