लार्ज फॉरमॅटसाठी खांद्यावरची बॅग
बॅग कितीही देखणी असो, आधी तिची खोली बघा. ४×५ इंची फील्ड कॅमेरा (मोठ्या, सुट्या फिल्म शीटवर फोटो घेणारा, घडी होणारा लार्ज फॉरमॅट कॅमेरा) मिटला की चपटा होतो; खरी जागा खातात ते फिल्म होल्डर, म्हणजे फिल्मच्या शीट ठेवायच्या प्रकाशबंद चौकटी. एका होल्डरमध्ये दोनच शीट मावतात, म्हणजे दहा फोटोंना पाच होल्डर. ते उभे राहतील आणि डार्क स्लाइडची (फिल्मवर प्रकाश पडू न देणाऱ्या सरकत्या पट्टीची) मूठ कशात अडकून ओढली जाणार नाही, असा कप्पा हवा. माझं मत विचाराल तर जाड कॅनव्हासची, रुंद पट्ट्याची साधी बॅग घ्या आणि आत सुटं पॅडिंग बसवा. रुबाब राहतो, आत महागडा कॅमेरा आहे हेही कळत नाही. लेन्स बोर्डासकट (ती ज्या पाटीवर बसवलेली असते तिच्यासकट) काढून डार्क क्लॉथमध्ये, म्हणजे फोकस करताना डोक्यावर घ्यायच्या काळ्या कापडात, गुंडाळा. ट्रायपॉड मात्र वेगळाच न्या, नाहीतर खांदा भरून येतो.