नळीचा पीळ आणि गोळीची लांबी

ठाण्याहून पहाटेची लोकल पकडून मुंबईच्या रेंजवर सरावाला जाणारे नवे नेमबाज काडतुसे निवडताना डबीवरचे ग्रेन (गोळीच्या वजनाचे एकक) पाहतात, पण गोळी हवेत स्थिर राहील की नाही हे मुख्यतः तिच्या लांबीवर ठरते. एकाच कॅलिबरमध्ये, म्हणजे नळीच्या एकाच व्यासात, जड गोळी सहसा लांब असते म्हणून वजनावरून अंदाज बांधला जातो. शिसे नसलेली, निव्वळ तांब्याची गोळी मात्र तेवढ्याच वजनाला जास्त लांब भरते आणि तिथे हा अंदाज फसतो.

नळीच्या आतल्या सर्पिल आट्यांचा पीळ गोळीला फिरवून स्थिर ठेवतो, आणि गोळी जितकी लांब तितका पीळ जास्त लागतो. पीळ १:१६ म्हणजे १६ इंच पुढे सरकताना गोळीचा एक पूर्ण फेरा. हा आकडा ऐकीव घेऊ नये, स्वतः मोजावा. बोल्ट (नळी मागून बंद करणारा भाग) काढून चेंबर (काडतूस बसते ती जागा) रिकामे असल्याची खात्री करावी, मूठ मोकळी फिरणाऱ्या क्लीनिंग रॉडला घट्ट बसणारी चिंधी लावून ती नळीत थोडी आत सारावी, रॉडवर वरच्या बाजूला आणि नळीच्या तोंडाशी खूण करावी व वरची खूण एक फेरा घेऊन पुन्हा वर येईपर्यंत रॉड सावकाश ढकलावा. तेवढ्यात रॉड जितका आत गेला, तितका पीळ. चिंधी सैल असेल तर ती आट्यांवरून घसरते आणि पीळ आहे त्यापेक्षा मंद भासतो, म्हणून तीनदा तरी मोजावे.

आता गोळीला किती पीळ लागेल हे सांगणारे, ब्रिटिश गणितज्ञ जॉर्ज ग्रीनहिल यांचे १८७९ चे सूत्र वापरावे: व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले गोळीची लांबी. पॉइंट टू-टू (.२२) कॅलिबरची ४० ग्रेनची गोळी सुमारे ५.६६ मिलिमीटर जाड आणि १२ मिलिमीटर लांब असते. उत्तर ४०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ १६ इंच येते, आणि या रायफलींचा प्रचलित पीळही तोच आहे. सेकंदाला २८०० फुटांहून वेगवान गोळीसाठी १५० ऐवजी १८० घेतात.

पॉइंट टू-टू-थ्री (.२२३) रायफलीमध्ये १:१२ च्या नळीला ५५ ग्रेन मानवते, १:९ ची नळी साधारण ६९ ग्रेनपर्यंत पेलते, तर ७७ ग्रेनसाठी १:८ किंवा १:७ हवा. पीळ थोडा जास्त असलेला बरा, कारण तो कमी पडला तर गोळी डगमगते आणि कागदावर गोल भोकाऐवजी लांबट, फाटके भोक दिसते.

आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत नळी लवकर गंजते व नेम त्यानेही विखुरतो. तेव्हा असे लांबट भोक न दिसता नुसता भोकांचा गट पसरला असेल, तर पिळाला दोष देण्याआधी नळी पुसून पुन्हा दहा गोळ्या झाडून पाहाव्यात.