यजमान पेशीवर काम करणारी संयुगे : विषाणू प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांसाठी

मुंबईत सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून प्रयोगशाळेत येणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनात विषाणूविरोधी औषध म्हणजे थेट विषाणूला अडवणारे रसायन, हे समीकरण पक्के असते. परळला मी ज्या विषयावर काम करते, त्यात मात्र संयुगाचा रोख यजमान पेशीवर असतो. पेशीत शिरण्यापासून बाहेर पडेपर्यंत विषाणू पेशीचीच सामग्री वापरत असल्यामुळे ती सामग्री रोखली की त्याची वाढ खुंटते. 2007 साली मान्यता मिळालेले माराविरॉक पेशीवरील सीसीआर5 हा ग्राही (रिसेप्टर) व्यापते आणि त्या ग्राहीवर विसंबलेल्या एचआयव्हीला आत शिरू देत नाही. याच्या उलटही घडते: सोडियम ब्युटिरेटमुळे पेशीत सुप्त असलेला एपस्टाइन-बार विषाणू पुन्हा वाढू लागतो.

संयुग घातल्यावर प्लाक (विषाणूने पेशी मारल्यामुळे पेशींच्या थरात पडणारे रिकामे ठिपके) कमी दिसले, तर आधी पेशींची विचारपूस करावी. निम्म्या पेशी मारणारी मात्रा आणि विषाणूची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा यांत पुरेसे अंतर नसेल, तर त्या निकालावर माझा विश्वास बसत नाही. जिवंत पेशींमुळे जांभळा रंग येणाऱ्या एमटीटी चाचणीत वेल (पेशी वाढवण्याच्या ताटलीतील खळगी) गडद जांभळी झाली म्हणजे पेशी धडधाकट आहेत, असेही समजू नये. त्यांचा आकार आणि विभाजनाचा वेग सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहावा. संयुग ज्यात विरघळवले ते डीएमएसओ कंट्रोलच्या, म्हणजे संयुग न घातलेल्या, वेलमध्येही तेवढेच घालावे. हा द्रावक हवेतील ओलावा शोषतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात तरी साठ्याचे लहान भाग करून ते घट्ट बंद ठेवावेत.

पेशी कोणती घेतली, यावर तर सारा निष्कर्ष फिरू शकतो. 2020 मध्ये क्लोरोक्विनने माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या व्हेरो पेशींत सार्स-कोव्ह-2 रोखला, कारण तेथे विषाणू एंडोसोममधून (पेशीच्या आतील आम्लधर्मी पिशवीतून) शिरतो आणि त्या वाटेला लागणारी आम्लता हे औषध कमी करते. परंतु फुप्फुसाच्या कॅलू-3 पेशींत टीएमपीआरएसएस2 या प्रथिनामुळे विषाणूला दुसरी वाट मिळते आणि तेथे तेच औषध निष्प्रभ ठरले. शिवाय व्हेरो पेशी टाइप-1 इंटरफेरॉन हे विषाणूविरोधी बचाव जागवणारे प्रथिन तयार करत नाहीत, म्हणून पेशीला इंटरफेरॉन बनवायला लावून काम करणारे संयुग त्यांत वाया गेल्यासारखे दिसेल. व्हेरो हाताळायला सोप्या असल्या, तरी केवळ त्यांच्यावर प्रबंध उभारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

परिणाम खरा आहे असे दिसले, की तो कशामुळे झाला हे शोधावे. ब्रेक्विनार पेशीतील डीएचओडीएच हे विकर अडवते. त्यामुळे आरएनएचा घटक असलेल्या पिरिमिडिनचा नवा पुरवठा आटतो आणि डेंग्यू विषाणूला आपला आरएनए बनवता येत नाही. त्याच माध्यमात पिरिमिडिनची उणीव भरून काढणारे युरिडिन बाहेरून घातल्यावर विषाणू पुन्हा वाढू लागला, तर परिणाम याच मार्गाने झाला, असे ठामपणे म्हणता येते. रुग्णाच्या रक्तात युरिडिन मुळातच असते, आणि म्हणूनच डिशमध्ये जोरदार चालणारी अशी संयुगे शरीरात बरेचदा फिकी पडतात.